म्हाताऱ्याची दाढी राहिली, मोरवेल गेली

नेदर कूम, डॉर्सेट
ईस्टरच्या आधीचा मंगळवार

धाकटी बहीण केझाया हिला थोरल्या थर्झाचे आशीर्वाद. (जपून वापर, या वयात शिल्लक फारशी नाही.)

तुझी तब्येत उत्तम असेल अशी आशा करते. आशाच करायची, कारण कळायला दुसरा मार्ग तू ठेवलेला नाहीस. नाताळात तुझं कार्ड आलं, त्यावर लाल छातीचा एक पक्षी होता आणि आत 'सर्व ठीक' एवढंच. ते पक्ष्याबद्दल होतं की तुमच्याबद्दल, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. माझा गुडघा तसाच आहे. पाऊस यायचा असला की आदल्या दिवशी सांगतो, आणि इथे पाऊस रोजच येतो, त्यामुळे तो सारखा बोलत असतो. घरात माझ्यापेक्षा जास्त बोलणारं ते एकच. तुझे एनॉकराव हे पत्र तुला मोठ्यानं वाचून दाखवत असतीलच. एनॉकराव, नमस्कार. खोकायचं असेल तर इथेच खोकून घ्या, पुढे थांबायला जागा मिळणार नाही.

आता पत्र लिहितंय कोण, ते सांगते. आजवर धाकटे पाद्रीबाबा लिहून द्यायचे. माणूस देवाचा, पण लेखणी त्याहून देवाची. मी सांगायचे, त्या बाईची जीभ म्हणजे छाटणीची कात्री आहे. ते लिहायचे, सदर भगिनी स्पष्टवक्त्या आहेत. मला अक्षर कळत नाही, पण केवढ्या बोलण्याला केवढी शाई लागते ते मला दिसतं. तेव्हा त्यांना रजा दिली आणि हे काम आमच्या रूबेनच्या बायकोकडे, म्हणजे माझ्या नातसुनेकडे सोपवलं. तिचं नाव आयव्ही. आयव्ही म्हणजे ती भिंतीवर चढून झाडांचे गळे धरणारी वेल. आईबापांनी बारशालाच पुढचा अंदाज घेतला होता म्हणायचं. (लिहायची थांबली होती. लिही गं, अक्षर सुरेख आहे तुझं.) मुलगी साउथॅम्प्टनची, गेल्या सुगीत लग्न होऊन आली. त्या शहरात वेली असतात, पण भिंतीला चिकटवायच्या कागदावर. मी तिला बजावलंय की मी बोलेन ते शब्दन् शब्द लिहायचं, स्वतःबद्दल असलं तरी. आणि या पत्रात तिच्याबद्दल बरंच आहे, कारण आपल्या दारातल्या मोरवेलीचा खून तिनं केला आहे.

हो, तीच मोरवेल. माझ्या एमॉसची. (एनॉकराव, इथे थोडं थांबा, माझी बहीण खुर्चीतून उठली असेल.)

तुला सगळं माहीत आहे, तरी ऐक. ज्याच्या हातून वेल गेली त्यालाच ती कशी होती हे लिहायला लावणं, याहून मोठी शिक्षा मला सुचलेली नाही. पलीकडे राहायला आलेले पॉम्फ्रेटसाहेब तिला क्लेमॅटिस म्हणतात. म्हणोत बापडे. माशाचा काटा घशात अडकल्यावर माणूस काहीही म्हणतो. आमच्या घरात तिला कुणी नावानं हाक मारलीच नाही. एमॉसचे केस तिशीतच पांढरे झाले, त्यामुळे तो मरेपर्यंत सगळ्यांचा म्हातारा, आणि वेल म्हाताऱ्याची. 'म्हाताऱ्याची फुलली', 'म्हाताऱ्याची जरा बांधायला झालीय', एवढंच. ओसरीच्या खांबापासून ती निघायची, लायलॅकच्या झुडपावरून चालत जायची आणि वरच्या पेअरच्या झाडात शिरायची. मे महिन्यात पेअरला गुलाबी फुलं आलेली बघून येणारेजाणारे स्वतःच्या डोळ्यांवर संशय घ्यायचे. एमॉसनं तिला आयुष्यात खिळा ठोकला नाही. ती देठानं धरते, तिला जाड खांब मिठीत मावत नाही, म्हणून तो खांबाला बारीक काटक्या लावून द्यायचा. जुन्या फ्लॅनेलच्या सदऱ्यांच्या पट्ट्या फाडून त्यांनी बांधायचा, तेही मध्ये बोट जाईल इतकं सैल. (माझ्या चोळीच्या नाड्यांबद्दल त्या माणसानं इतका विचार कधी केला नाही.) मुळांवर पाटीच्या दगडाचा तुकडा, म्हणजे पाय थंड आणि डोकं उन्हात. तुमच्या एनॉकरावांचं नेमकं उलटं असतं, म्हणून त्यांना खोकला होतो. आणि छाटणी म्हणशील तर फुलं गळून गेल्यावर जूनमध्ये माझी शिवणाची कात्री चोरून शिडीवर चढायचा, सगळी दुपार वर काढायचा, आणि मूठभर वाळक्या काड्या घेऊन असा खाली उतरायचा की जसं काही जंगल साफ करून आला.

त्याच वेलीची एक फांदी जमिनीत वाकवून, माझ्या केसातला आकडा तिच्यावर खोचून त्यानं तुझ्यासाठी दाब कलम केलं होतं. ते तू वेमथला नेलंस आणि समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात लोखंडी कठड्यावर टांगलंस. मी एकदाच बघितली ती. फिक्कट, वरती चार पानं, खाली उघडे पाय, आणि एनॉकरावांनी तारेनं अशी आवळलेली की कैद्याची दया यावी. असं असताना, एमॉस गेल्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात, तू माझ्या घरी, माझ्या टेबलाशी, माझा शहाजिऱ्याचा केक तोंडात असताना मला म्हणालीस, "ताई, तुझ्या वेलीचं आता नुसतं लाकूड झालंय. मुळापासून कापून टाक, नव्यानं फुटेल. माझी बघ कशी आहे." मी म्हटलं, "एनॉकचंही लाकूड झालंय, त्याला कापून बघ आधी." यात राग येण्यासारखं काय होतं, मला अजून कळलेलं नाही. पण तू टोपीसुद्धा न घालता स्टेशनावर गेलीस. टोपी अजून इथेच आहे, दाराच्या मागे. तिच्यात मी अंडी ठेवते.

तर आता मूळ प्रकार. आपल्या परसातल्या कुंपणात, संडासाच्या मागे, ती रानटी मोरवेल माजते ना, हिवाळ्यात जिच्या बियांचे पांढरे पुंजके लोंबतात, जिला आपल्याकडे लहान पोरसुद्धा म्हाताऱ्याची दाढी म्हणतं? यंदा ती संडासाच्या छपरावर चढली आणि तिथून कपडे वाळत घालायच्या दोरीवर उतरली. रूबेनच्या रविवारच्या काळ्या विजारीला तिचे पुंजके चिकटले, आणि चर्चमध्ये तो बसला होता तिथून उठल्यावर बाकावर मेंढरू बसून गेलंय असं वाटत होतं. दर फेब्रुवारीत मी ती स्वतः मुळापासून छाटते. यंदा गुडघा. म्हणून मी खिडकीतून आयव्हीला हाक मारली आणि म्हटलं, "कोयता घे आणि म्हाताऱ्याची आज मुळापासून काप."

बास. एवढंच. यात काय चुकलं, तू सांग. फेब्रुवारीत, थंडीत, हातात कोयता घेतलेल्या बाईला आणखी किती शब्द ऐकवायचे?

ती उभीच. म्हणाली, "म्हाताऱ्याची?"

"मग काय पाद्रीबाबांची?"

"सगळी, आजी?"

"सगळी! एक काडी ठेवू नकोस. दरवर्षी डोक्यावर चढते मेली, मला तिचं तोंड बघायचं नाही."

यावर ती माझ्याकडे अशा नजरेनं बघत राहिली की मला वाटलं, शहरातली आहे, संडासाच्या मागे जायला घाबरते. डोळ्यांत पाणीही होतं. मी म्हटलं, वारा आहे. नंतर कळलं ते असं, की बाईसाहेबांना वाटलं, ही माझ्या दुःखाची गोष्ट आहे. म्हातारीला नवऱ्याची आठवण सोसत नाही, आणि आज तिनं मन घट्ट केलंय. या विचारानं तिला माझ्याबद्दल फार आदर वाटला. (आत्ताही मान डोलावतेय. आदर वाटला म्हणे! त्या आदराला धार किती होती ते त्या खांबाला विचार.) म्हणून हाक न मारता, आवाज न करता, मला त्रास होऊ नये म्हणून ओसरीचं दार लोटून घेऊन तिनं सगळं काम केलं. मी आत चुलीशी बसून कोयत्याचे घाव ऐकत होते आणि मनात म्हणत होते, पोरगी कामाची आहे हो! परसातलं काम दारात असल्यासारखं ऐकू येतंय!

संध्याकाळी चहाच्या वेळी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि माझ्या मांडीवर एक लहानशी घडी ठेवली. फ्लॅनेलच्या पट्ट्या. राखाडी, निळ्या, ती एक लाल रेघांची, तुला आठवतोय का तो सदरा, जत्रेत घेतलेला. सगळ्या सोडवून, धुऊन, चुलीपुढे वाळवून, इस्त्री करून आणल्या होत्या. म्हणाली, "वेल गेली तरी या तुम्हाला ठेवाव्याशा वाटतील, असं वाटलं मला."

केझाया, तू मला जन्मापासून ओळखतेस. मी त्या वेळी काय बोलले असेन असं तुला वाटतं? काही नाही. एक शब्द नाही. रूबेन कामावरून आला, त्यानं मला गप्प बसलेलं बघितलं आणि डॉक्टरांना बोलवायला निघाला.

ओसरीत जाऊन बघितलं तर घोट्याएवढं खोड. काप मात्र स्वच्छ होता. एक फाटलेला धागा नाही. (हे कौतुक नाही, पुरावा म्हणून लिही.)

दुसऱ्या दिवशी समाचाराला गाव लोटलं. एमॉस गेला तेव्हा इतकी माणसं आली नव्हती. पण एमॉस काही रस्त्यावरून दिसत नसे. लोहाराच्या बायकोनं मनुकांचा केक आणला, हात हातात घेतला आणि म्हणाली, फार सहन केलं हो तुम्ही. पॉम्फ्रेटसाहेब पुस्तक बगलेत मारून आले. नोकरीभर बँकेत होते, त्यामुळे झाडाकडेही ते त्याची सही खरी की खोटी असं बघतात. खोडापाशी गुडघे टेकून त्यांनी सांगितलं की अशा वेलींचे तीन वर्ग असतात. उन्हाळा सरता फुलणाऱ्या आहेत त्या या दिवसांत गुडघ्याइतक्या छाटायच्या. भर उन्हाळ्यात मोठी फुलं देणाऱ्या, त्यांचे नुसते शेंडे. आणि मे महिन्यात फुलणाऱ्या, त्यांना या दिवसांत हातही लावायचा नाही. आमची शेवटच्या वर्गातली. मी विचारलं, पुस्तक कधी घेतलंत? म्हणाले, गेल्या वर्षी. म्हटलं, मग महिनाभर आधी एकदा येऊन मोठ्यानं वाचायला काय झालं होतं? त्यांना फार वाईट वाटलं. म्हणाले, जुनं लाकूड आहे, फुटेल किंवा फुटणार नाही. एवढंच सांगायला पुस्तक लागतं, हे मला माहीत नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या वेली जाळीवर ताठ उभ्या असतात, दर वीतभर अंतरावर सुतळी. पोस्टातून पाठवायच्या आहेत असं वाटतं.

आणि परसातली ती दुसरी, खरी म्हाताऱ्याची, म्हणजे दाढी? ती मजेत आहे. छपरावरून धुराड्याकडे निघाली आहे, उन्हाळ्यापर्यंत आत उतरून जेवायला बसेल. मी आयव्हीला म्हटलं, आता तरी तिला काप. तर म्हणते कशी, "आजी, यापुढे लेखी हुकुमाशिवाय मी काहीही कापणार नाही." आता लेखी हुकूम मला लिहिता येत नाही, आणि घरात लिहिणारी तीच! सरकारात नोकरी करायला हवी होती हिनं.

तेव्हापासून घरात एकच काम चालू आहे, ते म्हणजे खोडाकडे न बघणं. आयव्ही सकाळी किटली ठेवायच्या आधी ओसरीत जाते आणि मी विचारलं की म्हणते, दूधवाला आला का बघत होते. दूधवाला दुपारी येतो. रूबेन बूट बांधायला तिथेच बसतो. इतका वेळ बूट बांधणारा माणूस मी पाहिला नाही. गोगलगाईंनी कोंब खाऊ नये म्हणून कुणीतरी भोवती चुलीची राख टाकून ठेवली आहे. (मी नाही. माझा गुडघा.) पण आता एप्रिल जवळ आला, लायलॅकला पानं आली, शेजारच्या कुंपणाला हिरवं फुटलं, आणि आमचं खोड कोरडंच. कोंबाचा एक डोळा फुगलेला दिसत नाही. तेव्हा बाई, तुला जे हवं होतं ते झालं: मुळापासून कापली. आणि तू म्हणाली होतीस तशी नव्यानं फुटली का? नाही फुटली. हे मी तुला मुद्दाम कळवते आहे, म्हणजे तुझ्या वेमथमध्ये तू ज्यांना ज्यांना सल्ले देतेस त्यांना सावध राहता येईल. ओसरीचा खांब आता नागडा उभा असतो. समोरून येणाऱ्याला घर आधी दिसतं. इतकी वर्षं दिसत नव्हतं तेच बरं होतं, रंग द्यायला झालाय.

असो. वेल होती, गेली. माणसं जातात तिथे वेलीचं काय घेऊन बसायचं. मला तिचं काही वाटत नाही आणि तूही वाटून घेऊ नकोस. एनॉकरावांना नमस्कार, त्यांनी पत्र चांगलं वाचलं असेल असं समजते. कठड्यावरच्या कैद्याला आशीर्वाद.

तुझी थोरली बहीण
थर्झा
(हिनं माझ्यासाठी फुली काढायची जागा सोडली आहे. ही घे फुली: ×. पाद्रीबाबांच्या वेळेपेक्षा सरळ आली.)

ता. क. तुझी ती फिक्कट वेल अजून जिवंत असेल, तर तिची बुडाची एखादी फांदी जमिनीला टेकून आपोआप मुळं धरलेली सापडते का बघ. सापडली तर ती मुळाशी मातीचा गोळा ठेवून काढ. एनॉकरावांना काढू देऊ नकोस. वर मी फिक्कट म्हटलंय ते समुद्राच्या उजेडामुळे तसं दिसलं असेल. शेवटी आहे ती एमॉसच्याच हातची. एनॉकराव, कैद्याचा भाग पुन्हा वाचून दाखवायची गरज नाही.

ता. क. दुसरा. रेल्वेच्या मालडब्यातून पाठवू नकोस, ते पेट्या फेकतात. कुणीतरी ओल्या पोत्यात गुंडाळून मांडीवर घेऊन यायला पाहिजे. कुणाला पाठवायचं ते तुझं तू ठरव; मला तर तुझ्याकडे मोकळं माणूस एकच माहीत आहे. टोपीतली अंडी मी काढून ठेवली आहेत. टोपी ब्रशनं झाडली. शहाजिऱ्याचा केक त्या दिवशी तू अर्धा टाकून गेलीस, म्हणून यंदा मोठा करायचं म्हणते. मे महिन्यापर्यंत राहायला हरकत नाही. एनॉकरावांना आणायचंच असेल तर आण; त्यांना काटक्या तासायला बसवू.

ता. क. तिसरा. हा मी, आयव्ही, माझ्या मनानं लिहिते आहे. मावशीआजी, आमच्या आजी समजताहेत की मी पाकिटावर पत्ता लिहिते आहे. खोड फुटलं आहे. पाटीच्या दगडाच्या कडेनं, जमिनीतून, लालसर दोन कोंब, उंदराच्या नाकाएवढे होते ते आता बोटाएवढे झालेत. मी पळत आत सांगायला निघाले होते, तेवढ्यात बघितलं तर कोंबाशेजारी कुणीतरी आधीच काटकी रोवलेली, आणि काटकीला लाल रेघांच्या फ्लॅनेलची पट्टी बांधलेली. मध्ये बोट घालून पाहिलं. जातं. म्हणजे त्यांनी माझ्या आधी बघितलंय, आणि वरचं सगळं पत्र त्यानंतर सांगितलंय. मी काही बोलले नाही. त्यांनी सांगितलेला शब्दन् शब्द लिहिला. तुमचं म्हणणं खरं ठरलं हे त्या आयुष्यात कबूल करणार नाहीत, म्हणून तुम्ही आल्यावर कोंब बघून चकित व्हा. कलम मात्र आणाच. ओसरीला दुसरा खांब आहे, तोही नागडाच आहे.

आता थांबते. एका पत्त्याला एवढी शाई कशी लागते, असं त्या विचारताहेत.